जुनी, न बदललेली एमजीबी विकत घेताना : पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

"१९६६ ची एमजीबी रोडस्टर. फिकट पिवळा रंग, कारखान्यातला. आतलं काळं लेदर मूळचंच. आजवर दोन मालक, ५२,००० मैल, सोबत कागदांची जाड फाइल." इंग्लंडात स्थायिक झालेल्या आणि जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या आपल्या माणसाला अशी जाहिरात दिसली की पहिला फोन विक्रेत्याला जातो आणि दुसरा थेट बँकेला. या दोन फोनांच्या मध्ये दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने लिहिते. मी मिडलंड्समध्ये राहते. या गाड्यांच्या मागे बरीच वर्षं हिंडले आहे आणि एकदा चांगलीच फसलेही आहे. तो किस्सा पत्र्याच्या भागात येईल.

आधी गाडीबद्दल थोडं. एमजीबी ही एमजी या ब्रिटिश कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार. ती १९६२ साली बाजारात आली आणि ऑक्सफर्डजवळच्या अबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत राहिली. उघड्या टपाची रोडस्टर आणि बंद टपाची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. इंजिन १,७९८ सीसीचं, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या 'बी-सीरीज' घराण्यातलं. हे घराणं आपल्या ओळखीचं आहे. आपल्या अँबॅसडरमध्ये अनेक वर्षं जे १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच घराण्यातलं. माझे मामा साताऱ्यात अँबॅसडर सांभाळायचे. मी पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा त्या इंजिनाची ठेवण मला लगेच ओळखीची वाटली. ज्याच्या हाताखालून अँबॅसडरची इंजिनं गेली आहेत, अशा मिस्त्रीला इथे फारसं नवीन काही शिकावं लागणार नाही.

एक शब्द स्पष्ट करून ठेवते. आपण सगळ्याच जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणतो. इंग्लंडमधले जाणकार मात्र हा शब्द साधारण १९३० पर्यंतच्या गाड्यांसाठी राखून ठेवतात. १९६६ ची गाडी त्यांच्या लेखी 'क्लासिक'. फोनवर बोलताना हा फरक पाळलात तर समोरचा माणूस तुमच्याशी जरा मोकळेपणाने बोलतो.

आता मुख्य मुद्दा. एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नवा मिळतो. दिवे, गालिचे, सीटची कव्हरं तर मिळतातच, पण ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवर दाबलेलं गाडीचं अख्खं कवचसुद्धा १९८८ पासून विकत देते. म्हणजे हातात पैसे आणि वेळ असेल तर चकचकीत एमजीबी कुणालाही उभी करता येते. मिळत नाही ते साठ वर्षांत कुणी हात न लावलेलं काम : कारखान्यातल्या वेल्डिंगचे ठिपके, पहिल्या मालकाच्या कोपराने झिजलेलं लेदर, डिकीच्या आतला कधीही न पॉलिश झालेला रंग. मूळ गाडीसाठी आपण जास्त पैसे मोजतो ते यासाठी. त्यामुळे पाहणीचा सगळा रोख 'किती छान दिसते' यावर नको, 'किती शिल्लक आहे' यावर हवा.

पायरी पहिली : गाडी कोणत्या काळातली, हे आधी ओळखा

मूळ काय होतं हे ठाऊक नसेल तर काय बदललंय हे कळणार कसं? म्हणून फोन करण्याआधी हे टप्पे लक्षात ठेवा.

सुरुवातीच्या गाड्यांचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगवर फिरायचा. १९६४ च्या शेवटी पाच बेअरिंगचं इंजिन आलं. ते जास्त टिकाऊ आहे, मात्र शौकिनांना तीन बेअरिंगचं इंजिन जास्त मोकळेपणी फिरतं असं वाटतं. १९६५ च्या सुमारास दाराच्या मुठी बदलल्या : आधी ओढायच्या होत्या, मग बटण दाबायच्या आल्या. १९६७ च्या शेवटी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर करकर न करता पडू देणारी रचना) मिळाला आणि वीज बनवणाऱ्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. १९७४ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांमुळे क्रोमचे बंपर गेले, काळे रबरी बंपर आले आणि गाडी जमिनीपासून उंचही झाली. जुन्या गाड्यांच्या बाजारात क्रोम बंपर आणि रबरी बंपर ही सगळ्यात मोठी सीमारेषा आहे.

आपल्या जाहिरातीतली १९६६ ची गाडी म्हणजे पाच बेअरिंगचं इंजिन, बटणाच्या मुठी, डायनॅमो, सिंक्रोमेश नसलेला पहिला गिअर आणि सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. या गाडीत अल्टरनेटर दिसला तर तो नंतर बसवलेला आहे. त्यात वाईट काही नाही, पण 'सगळं मूळचं' हे वाक्य मात्र तिथेच खोडून टाका.

त्या काळी बऱ्याच गोष्टी जादा पैसे देऊन घ्यायच्या असायच्या. तारांच्या आऱ्यांची चाकं, ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडणी), एवढंच काय, इंग्लंडच्या थंडीत हीटरसुद्धा! तेव्हा साधी पत्र्याची चाकं दिसली म्हणून नाक मुरडू नका. कदाचित तीच मूळची असतील आणि तारांची चाकंच नंतरची हौस असेल.

पायरी दुसरी : घरबसल्या कागद तपासा

विक्रेत्याकडून दोन पाट्यांचे स्वच्छ फोटो मागवा : बॉनेटखाली रिव्हेटने बसवलेली चासी नंबरची पाटी आणि इंजिनच्या ब्लॉकवरची छोटी पाटी. १९६६ च्या रोडस्टरचा चासी नंबर 'जीएचएन३' या अक्षरांनी सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनचा आकारगट, एन म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी, तीन म्हणजे मालिका. जीटी असेल तर 'एन'च्या जागी 'डी' येतो. तीन या आकड्यानंतर 'एल' दिसला तर गाडी मूळ डाव्या स्टिअरिंगची, बहुधा अमेरिकेला गेलेली. एमजीबींचा मोठा वाटा तिकडेच गेला होता. कोरड्या हवेच्या राज्यांतून परत आलेल्या गाड्यांचा पत्रा कित्येकदा सुरेख असतो, पण स्टिअरिंग उजवीकडे आणताना बरंच काही बदललेलं असतं. इंजिनचा नंबर त्या काळात '१८जीबी'ने सुरू व्हायला हवा. '१८व्ही' दिसलं तर इंजिन पुढच्या दशकातलं आहे.

हे नंबर मूळ नोंदींशी जुळतात का, ते सांगणारा कागद म्हणजे हेरिटेज सर्टिफिकेट. गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. त्यावरून गाडी कधी बनली, कुठे पाठवली, कोणत्या रंगाची होती, इंजिन नंबर काय आणि कोणत्या जादा गोष्टी कारखान्यातच बसवल्या, हे लिहून मिळतं. विक्रेत्याकडे तो नसेल तर मागवायला सांगा. 'अत्यंत मूळ' म्हणून भाव मागणाऱ्याने एवढं करायलाच हवं.

मग एमओटी, म्हणजे इथली दरवर्षीची फिटनेस चाचणी. नंबरप्लेटवरचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर २००५ नंतरच्या चाचण्यांचा इतिहास फुकट दिसतो : पास, नापास, मैल आणि तपासनिसाचे शेरे. हे शेरे नीट वाचा. 'डाव्या सिलला गंज' असं २०११ मध्ये लिहिलंय आणि २०१२ मध्ये ते गायब आहे, तर मधल्या वर्षात काय झालं? वेल्डिंगचं बिल फाइलमध्ये आहे का? मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीतून सूट आहे. म्हणून त्यानंतरच्या नोंदी नसल्या तर बिचकू नका. मात्र २००५ ते २०१८ या काळात मोठी पोकळी असेल तर गाडी कुठेतरी पडून होती. पडून राहिलेल्या गाडीचा पत्रा वाचतो, पण ब्रेक, रबर आणि पेट्रोलची टाकी वाचत नाही.

मैलांबद्दल एक सावधगिरी. या गाडीच्या मीटरमध्ये पूर्ण मैलांचे पाचच आकडे आहेत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे ५२,००० हे १,५२,००० सुद्धा असू शकतात. याचं उत्तर संगणकात सापडत नाही, फाइलमधल्या जुन्या कागदी एमओटी सर्टिफिकेटांत सापडतं. ती तारखेप्रमाणे लावा आणि आकडे वर चढत जातात का पाहा. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतले कागद असतील तर उत्तम. नसतील तर '५२,००० मैल' ही नुसती विक्रेत्याची आठवण आहे, किंमत ठरवताना ती तेवढीच धरा.

पायरी तिसरी : पाहायला जाताना

कोरड्या दिवशी आणि दिवसाउजेडी जा. पावसाचं पाणी रंगाचे सगळे दोष झाकतं. आदल्या दिवशी फोन करून "इंजिन गार असू द्या, मी आल्यावरच सुरू करू" असं सांगा. पोहोचल्यावर हाताने रेडिएटर चाचपा. कोमट लागला तर गार सुरू होण्याचा त्रास कुणीतरी आधीच उरकला आहे.

सोबत न्या : चांगली टॉर्च, मऊ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक, जुनी चादर किंवा चटई, जाड हातमोजे आणि शक्य असेल तर गाड्यांतलं कळणारा मित्र. या मित्राचं पहिलं काम तुम्हाला घाईत हो म्हणू न देणं.

पायरी चौथी : पत्रा. निम्मा वेळ इथेच द्या

एमजीबीला वेगळी चासी नाही. कवच हाच सांगाडा, त्यामुळे गंज इथे नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो, गाडीच्या ताकदीचा असतो. आणि इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. आपल्याकडे कोकणातल्या गाडीला खारा वारा जे करतो, ते इथे चाकाखालून होतं.

सगळ्यात आधी सिल, म्हणजे दाराखालची लांब पेटी. रोडस्टरला टप नाही, त्यामुळे तिचं पुढचं आणि मागचं अंग या दोन पेट्याच जोडून धरतात. ही पेटी तीन पत्र्यांची आहे : बाहेरचा, आतला आणि मधला पडदा. खाली 'कॅसल रेल' नावाची घडी येते. गंज आत सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत आतलं पोट पोकळ झालेलं असतं. खरी दुरुस्ती महाग पडते, कारण मूळ सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या खाली जाते. मडगार्डचा खालचा भाग कापल्याशिवाय ती पूर्ण बदलताच येत नाही. म्हणून स्वस्तात काम करणारे सडलेल्या सिलवर नवा पत्रा चढवतात आणि वरून रंग मारतात.

मी फसले ती इथेच. माझी पहिली एमजीबी लाल होती, नव्यासारखी चकचकीत, 'संपूर्ण नूतनीकरण' अशी पाटी लावलेली. दोन वर्षांनी जॅक लावला तेव्हा चरचर आवाज आला आणि दार उघडेना. आत जुना गंजका पत्रा तसाच होता, वर नवा, आणि मध्ये बोटभर पुट्टी. ती गाडी मी विकली नाही, कापून नीट करून घेतली. त्या खर्चात मला एक खरोखर मूळ गाडी मिळाली असती.

तेव्हा असं करा. दार बंद असताना त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत पाहा. ती एकसारखी हवी. मग मालकाच्या परवानगीने गाडीची एक बाजू जॅकने उचलायला सांगा आणि दार उघडून पुन्हा लावून बघा. फट वर आवळली किंवा दार अडलं, तर गाडी मधून वाकते आहे. यावर कुणी कितीही गोड बोललं तरी निघून या. जॅकवरच्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका. खालून बघायचं असेल तर ती रॅम्पवर चढवायची.

आता चटई टाकून बाजूने खाली वाका आणि कॅसल रेलवर टॉर्च मारा. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे ठरावीक अंतरावरचे गोल ठिपके दिसायला हवेत. त्याऐवजी वेल्डिंगची सलग, ओबडधोबड रेघ दिसली तर काम झालेलं आहे. जाड काळं डांबरासारखं लिंपण दिसलं तर आणखी सावध राहा. ते गंज थांबवण्यासाठी असतं तितकंच लपवण्यासाठीही असतं.

पुढची जागा म्हणजे पुढच्या मडगार्डचा, चाकाच्या मागचा खालचा कोपरा. तिथे चिखल साठतो आणि वर्षानुवर्षं ओला राहतो. मग मागच्या स्प्रिंगचे पाटे पुढच्या टोकाला जिथे बांधले आहेत ती जागा. मग सीटच्या मागचं झाकण उचलून बॅटऱ्यांच्या पेट्या, कारण आम्ल सांडून त्यांचा तळ गळतो. मग डिकीचा तळ, स्टेपनीखालीसुद्धा.

दारावर पुढच्या छोट्या तिकोनी काचेच्या खाली, पत्र्याला उभी चीर जाते. ही एमजीबीची जुनीच खोड आहे, मूळ दारांना ती असणारच असं समजा. मला तर ती दिसली की बरंच वाटतं, कारण दार बदललेलं नाही हे कळतं. दुरुस्त करता येते, घाई नाही.

लोहचुंबक सिलवर, मडगार्डच्या खालच्या भागावर, चाकांच्या कमानींवर अलगद फिरवा. चिकटत नाही तिथे पुट्टी. आणि बॉनेटवर ते अजिबात चिकटणार नाही! घाबरू नका. त्या काळच्या एमजीबीचं बॉनेट अॅल्युमिनियमचं असायचं. उलट १९६६ च्या गाडीच्या बॉनेटला चुंबक चिकटलं, तर ते बॉनेट नंतरच्या गाडीवरचं आहे.

पायरी पाचवी : रंग आणि आतला भाग

मूळ रंग ओळखायला बाहेर बघू नका. गालिचा उचला, डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारा, डिकीच्या झाकणाच्या आतली बाजू, बॅटरीच्या झाकणाखाली. सगळीकडे तोच रंग आहे आणि हेरिटेज सर्टिफिकेटशी जुळतो आहे ना? काचेभोवतीच्या रबरावर, वायरींवर, रबरी नळ्यांवर रंगाचा फवारा उडालेला असेल तर गाडी पुन्हा रंगवली आहे. एखादा मडगार्ड कधीतरी रंगवला जाणं साहजिक आहे. साठ वर्षांत कुणीतरी कुठेतरी घासलेलीच असते. चांगला विक्रेता ते आपणहून सांगतो.

जुना मूळ रंग थोडा मंद असतो, कडांना पातळ होतो, बॉनेटच्या टोकाला दगडांचे टिपके असतात. हे दोष नाहीत. मी तर चकाकणाऱ्या रंगापेक्षा अशा रंगासमोर जास्त वेळ उभी राहते. आपण घेतल्यावर मशिनने घासून चमकवायचा मोह आवरा. प्रत्येक पॉलिशमध्ये तो थर थोडा निघून जातो आणि परत येत नाही.

आत सगळ्या गोष्टींचं वय एकमेकांशी जुळायला हवं. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, क्लचच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची पकड आणि मीटर या चौघांनी एकच गोष्ट सांगायला हवी. ५२,००० मैलांच्या गाडीत पॅडल झिजून लोखंड दिसत असेल तर मीटर खोटं बोलतंय. उलट सगळं झिजलेलं आणि पॅडलचं रबर मात्र कोरं करकरीत, तर ते मुद्दाम बदललंय. लेदरला बारीक भेगा असतील तर चालेल, शिवण उसवली असेल तरी चालेल. जुनं लेदर कंडिशनर लावून मऊ करता येतं. नवीन कव्हर घातलं की त्या गाडीतून काहीतरी कायमचं जातं.

पायरी सहावी : इंजिन आणि एक फेरी

किल्ली फिरवल्यावर मागून टिकटिक ऐकू येते. तो विजेवर चालणारा एसयू पेट्रोल पंप. थोडा वेळ भराभर टिकटिक, मग शांत, हे ठीक. इंजिन बंद असताना ती थांबतच नसेल तर कुठेतरी गळती आहे किंवा कार्ब्युरेटरचा फ्लोट बिघडलाय.

चोक ओढून इंजिन लगेच लागायला हवं. सुरू होतानाचा पांढरा धूर थंडीचा. निळा धूर तेल जळतंय असं सांगतो, विशेषतः उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर. टॅपेटची हलकी टकटक या इंजिनाचा स्वभाव आहे. खालून येणारा जड, खोल ठोका मात्र बेअरिंगचा. समोरच्या एकाच गोल मीटरमध्ये वर-खाली दोन काटे असतात, तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान. इंजिन पूर्ण तापल्यावर, चालत्या गाडीत दाब पन्नासच्या आसपास किंवा वर हवा. उभ्या गाडीत तो पंधरा-वीसवर येणं चालतं. ही तपासणी तापलेल्या इंजिनवरच करा. गार असताना सगळ्यांचाच दाब छान दिसतो.

पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नका. त्याला सिंक्रोमेश नाही, त्यात विक्रेत्याचा दोष नाही. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना करकर होते का आणि पाय काढल्यावर गिअर सुटतो का ते पाहा. ओव्हरड्राइव्ह असेल तर बटण डॅशबोर्डवर असतं. तिसऱ्या-चौथ्यात दाबल्यावर इंजिनाचे फेरे लगेच खाली यायला हवेत.

ब्रेकला सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, नाही. पाय जोरात दाबावा लागतो आणि तो तसाच असायला हवा. तारांची चाकं असतील तर पेनने एकेक आरी हलकेच वाजवा, सैल आरीचा आवाज बसका येतो. गाडी पुढे-मागे हलवताना 'टक' असा आवाज आला तर चाक जिथे बसतं तिथले दाते झिजलेत. पुढची चाकं वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला, वर्षानुवर्षं ग्रीस मिळालेलं नाही, कारखान्याने ते दर ३,००० मैलांना द्यायला सांगितलं होतं. टायरवर कितीही नक्षी शिल्लक असो, बाजूला लिहिलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांवरचे टायर बदलायचा खर्च मनात धरूनच बोला.

इंजिनाखाली तेलाचे दोन-चार थेंब पडतातच. डबकं मात्र नको.

पायरी सातवी : भाव

पाहणी झाल्यावर मालकासमोर दोषांची यादी वाचू नका. अशा गाड्या बहुतेकदा वयस्कर माणूस विकत असतो, नाहीतर त्याच्या पश्चात त्याची पत्नी किंवा मुलं. त्या गाडीतून त्यांनी सुट्ट्या काढलेल्या असतात. चहा घ्या, फाइल चाळा, पहिल्या मालकाबद्दल विचारा. मग घरी येऊन हिशोब करा : टायर, ब्रेकच्या नळ्या, किंगपिन, जे लागणार आहे ते. आणि दुसऱ्या दिवशी एकच आकडा सांगा.

कुणाला वाटतं की मूळ पण थोडी थकलेली गाडी स्वस्तात मिळायला हवी आणि नूतनीकरण झालेली महाग. माझं मत उलट आहे. पत्रा शाबूत, कागद पूर्ण आणि गाडी न बदललेली असेल, तर मी चकचकीत गाडीइतकेच, कधी जास्तही पैसे देईन. यांत्रिक भाग नंतर केव्हाही दुरुस्त होतात.

खात्री नसेल तर पैसे देण्याआधी नव्याने एमओटी करून घ्यायला सांगा. कायद्याने सक्ती नाही, पण गाडी रॅम्पवर चढते आणि त्रयस्थ माणूस खालून बघतो. थोडक्या पैशांत एवढी चांगली तपासणी दुसरी नाही.

पायरी आठवी : नावावर करणं, कर, विमा

इथलं 'आरसी बुक' म्हणजे व्ही५सी. त्यावर गाडी सांभाळणाऱ्याचं नाव असतं, पण तो मालकीचा पुरावा नव्हे, असं त्या कागदावरच छापलेलं आहे. म्हणून विक्रेत्याकडून सही, तारीख, रक्कम आणि चासी नंबर असलेली पावती घ्या. गाडीवर कुणाचं कर्ज नाही ना, हेही थोडे पैसे भरून तपासता येतं.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर शून्य आहे. शून्य असला तरी तो 'भरावा' लागतो, म्हणजे नोंद करावी लागते. ती केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. लंडनमध्ये जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना लागणाऱ्या यूएलईझेड शुल्कातूनही ऐतिहासिक गटातल्या गाड्यांना सूट आहे. काळ्या पाटीवर चंदेरी आकड्यांची जुनी नंबरप्लेट लावायलाही परवानगी आहे. गाडीवर मूळची असेल तर काढू नका.

विमा 'ठरलेल्या किमतीचा' घ्या. गाडीचे फोटो देऊन आधीच रक्कम मान्य करून घ्यायची. नाहीतर अपघातानंतर कंपनी साध्या जुन्या एमजीबीचा भाव लावते आणि मूळपणाची किंमत शून्य धरते.

भारतात न्यायची आहे का, असं प्रत्येक नातेवाईक विचारतो. भारतात २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं आणि नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये ठरवलं गेलं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. नोंदणीचा प्रश्न शेवटचा. आयातीचे नियम आणि जकात या गोष्टी गाडी घेण्याआधी कस्टम्सच्या जाणकाराकडून लेखी समजून घ्या.

घरी आणल्यावर

पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. पेट्रोलच्या रबरी नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या बसवा. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनी रबरं त्याने फुगतात, चिरतात. महागातलं सुपर पेट्रोल घाला, त्यात ते कमी असतं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटची झीज शिशाच्या पेट्रोलमुळे रोखली जायची. ते २००० सालापासून सर्वसाधारण विक्रीतून गेलं, म्हणून इंजिनच्या हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का ते बिलांत शोधा. नसतील तर टाकीत ॲडिटिव्ह टाकत चला, फक्त त्यासाठी मूळ हेड आत्ताच उघडू नका.

बॅटरीजवळ एक चिठ्ठी चिकटवा : 'पॉझिटिव्ह अर्थ'. १९६६ च्या गाडीत बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असतो, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. शेजाऱ्याच्या गाडीवरून नेहमीच्या पद्धतीने जंप-स्टार्ट केलं किंवा नवा रेडिओ जोडला तर काहीतरी जळणार.

सिलच्या पोकळीत मेण फवारून घ्या. रस्त्यावर मीठ असेल त्या दिवसांत गाडी बाहेर काढू नका. बाकी दिवसांत मात्र नियमित चालवा, निदान वीस मैल, म्हणजे इंजिन पुरतं तापतं आणि सायलेन्सरमधलं पाणी निघून जातं.

जो भाग काढाल तो टाकू नका. कापडात गुंडाळा, कुठून काढला आणि केव्हा काढला हे लिहून खोक्यात ठेवा. फुटलेला स्विच असो वा कडक झालेली नळी. आणि फाइलमध्ये एक वही सुरू करा. पहिल्या पानावर गाडी घरी आली ती तारीख आणि त्या दिवशीचा मीटरवरचा आकडा लिहा. मैलांतच लिहा, किलोमीटर करू नका.